वही शाबूत, वाट हरवलेली : त्र्यंबकेश्वरच्या नामावळ्या आणि सर्व्हरच्या न उघडणाऱ्या डिस्क

#इतिहासधागा

(१)
सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवली जाते. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो. पण डेटाच्या डिस्क जोडलेल्या असूनही रिकाम्या दिसतात. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो. अनेक वर्षांचे काम पुसले गेले, अशी पाहणाऱ्याची खात्री पटते. बहुतेक वेळा ती खात्री चुकीची असते. डेटा जागच्या जागी असतो. नाहीशी झालेली असते ती त्याच्याकडे नेणारी वाट.
महाराष्ट्राच्या कागदपत्रांच्या बाबतीत हीच घटना एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. ती समजून घेण्याचे एक उत्तम ठिकाण म्हणजे त्र्यंबकेश्वर. हा धागा त्याविषयी.

(२)
नाशिकपासून सुमारे २८ किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी हे गाव आहे. गोदावरीचा उगम, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, संत निवृत्तिनाथांची समाधी आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांमुळे ते सर्वांना ठाऊक असते. सध्याच्या मंदिराचे काम नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ मध्ये सुरू झाले आणि १७८६ मध्ये पूर्ण झाले, असे सांगितले जाते.
मंदिराचा काळा दगड सर्वांना दिसतो. गावातील तीर्थपुरोहितांच्या घरांत, कापडात बांधून ठेवलेला दुसरा वारसा मात्र ज्याला काम पडते त्यालाच दिसतो. त्याचे नाव नामावळी.

(३)
नामावळी म्हणजे यजमानांच्या नोंदींची वही. श्राद्धासाठी, नारायण नागबळीसाठी किंवा सिंहस्थाच्या स्नानासाठी एखादे कुटुंब येते. धर्मकृत्य आटोपले की उपाध्ये वही काढतात. आलेल्याचे नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, गाव आणि तिथी यांची नोंद होते. यजमान स्वतःची सही करतो. पुढच्या पिढीतील कोणी आले की आधीची नोंद शोधून तिला नवी जोडली जाते.
या वह्या कोणत्याही सरकारने सुरू केल्या नाहीत. तरीही शेतकरी, सैनिक, व्यापारी आणि सरदार अशा सर्वांच्या पिढ्यांची साखळी त्यांत उतरली. ज्या घराण्याला बखर नाही, सनद नाही, ताम्रपट नाही, त्याच्या पूर्वजाची एकमेव लिखित खूण अशा वहीत असू शकते.

(४)
आता या व्यवस्थेतील खरी किमया पाहा. यात्रेकरू गावात शिरतो तेव्हा त्याला दोनच प्रश्न विचारले जातात : ‘गाव कोणते? आडनाव काय?’ उत्तर मिळताच त्याला ठरावीक उपाध्यांकडे पाठवले जाते. प्रदेश, गाव, कूळ, जात यांनुसार यजमान पुरोहित घराण्यांत वाटलेले असतात. हा हक्क वारशाने चालतो. भाऊ वेगळे झाले की यजमानांची आणि त्यांबरोबर वह्यांचीही वाटणी होते.
म्हणजे कोणत्या घरी, कोणत्या वहीत, कोणत्या पानावर जायचे याची अनुक्रमणिका वहीत फारशी लिहिलेलीच नसते. ती माणसांच्या स्मरणात असते. हा मुद्दा ध्यानात ठेवा. धाग्याचा सगळा भार त्यावर आहे.

(५)
संगणकाची डिस्कही अशाच दोन थरांची असते. एक थर म्हणजे प्रत्यक्ष मजकूर : छायाचित्रे, हिशेब, दस्तऐवज. दुसरा थर म्हणजे त्या मजकुराचा ठावठिकाणा : डिस्कचे भाग कोठून कोठवर आहेत आणि कोणत्या फायलीचे तुकडे कोणत्या क्रमाने कोठे ठेवले आहेत.
जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सर्वांत आरंभीच्या ५१२ बाइटांत विभागांचा तक्ता असतो आणि त्या तक्त्याने व्यापलेली जागा अवघी ६४ बाइट. कोट्यवधी पानांचा मजकूर ज्या डिस्कवर मावतो, तिची दिशा या ६४ बाइटांवर अवलंबून असते. पान तेच, शाई तीच. पण पृष्ठक्रमांकांचा कागद हरवला की ग्रंथ मुका होतो.

(६)
ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवताना नेमके येथेच बिघडते. कधी नव्या प्रणालीला डिस्कवरील फाइलव्यवस्था ओळखता येत नाही. कधी अनेक डिस्कांची एकत्र जुळणी करणारी माहिती जुन्या प्रणालीबरोबर गेलेली असते. कधी बसवणाऱ्याच्या हातून चुकीच्या डिस्कवर नवा तक्ता लिहिला जातो.
पहिल्या दोन प्रसंगांत हानी अशी झालेलीच नसते. योग्य ओळख करून दिली की डिस्क उघडते. तिसऱ्यात थोडासा भाग पुसलेला असतो, पण त्याखालचा विस्तीर्ण मजकूर अजून शाबूत असतो. खरा विनाश पुढच्या पायरीवर होतो : घाबरलेला माणूस ‘फॉरमॅट’ला होकार देतो आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर नवे लेखन सुरू होते.

(७)
आता पुन्हा वहीकडे वळू. त्र्यंबकेश्वरच्या जुन्या नामावळ्यांचा मोठा भाग मोडी लिपीत आहे. यादवांचा मंत्री हेमाडपंत याने ही लिपी प्रचारात आणली अशी परंपरा आहे. परंपरेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी, शिवकाळापासून पेशवाईपर्यंत मराठी राज्यकारभाराचा रोजचा व्यवहार मोडीत चालला, हे निर्विवाद आहे. पोथी आणि धर्मग्रंथ बाळबोधीत. पत्र, हिशेब, करार, निवाडे मोडीत, अशी विभागणी होती.
मोडी ही वेगासाठी घडलेली लिपी आहे. आधी कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, शक्यतो लेखणी न उचलता, अक्षरामागून अक्षर गुंफत जायचे.

(८)
या वेगाची किंमत वाचकाला मोजावी लागते. मोडीत सामान्यतः ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो. दोन शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात. शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे.
शिवाय संक्षेपांचे दाट रान असते. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘रा॥’ म्हणजे राजश्री. ‘राणोजी बिन संताजी’ असे एखादे नाव समोर आले तर ‘बिन’ म्हणजे पुत्र, हे ठाऊक असावे लागते. अन्यथा दोन पिढ्यांचे दोन पुरुष एकच व्यक्ती वाटू लागतात. वंशावळीत अशी एक चूक झाली की पुढची सगळी साखळी सरकते.

(९)
अक्षर लागले तरी कुलूप पूर्ण उघडत नाही. आत दुसरे कुलूप आहे कालगणनेचे. जुन्या मराठी कागदांत शालिवाहन शक आढळतो, तसाच सुहूर सनही आढळतो. आणि सुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहितात.
उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १००, अलफ म्हणजे १०००. बेरीज ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६०-६१ येते. पानिपतचे वर्ष! ज्याला हे चार शब्द उलगडतात त्याच्या अंगावर काटा येतो. ज्याला उलगडत नाहीत त्याच्यासाठी ती केवळ शाईची वळणे असतात.
महाराष्ट्रातील अभ्यासक यासाठी जंत्री वापरतात. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर जंत्री हा एका पद्धतीच्या आकड्यांचे दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणारा तक्ता आहे.

(१०)
मग ही व्यवस्था कोलमडली कशी? १८१८ मध्ये पेशवाई संपली. त्याच वर्षी त्र्यंबकचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. राज्य बदलले, पण मोडी एका दिवसात गेली नाही. नव्या सत्तेलाही जमिनीचे हिशेब समजून घेण्यासाठी मोडी जाणणारे कारकून लागत होते. विल्यम कॅरी यांच्या १८१० च्या मराठी कोशात तर मराठी शब्दांसाठी मोडी टाइप वापरलेले आहेत.
तथापि छापखान्याला सुटी, स्पष्ट, एकसारखी अक्षरे सोयीची होती. शाळांची क्रमिक पुस्तके बाळबोधीत निघू लागली. जी लिपी पुस्तकात ती प्रतिष्ठेची, आणि जी हाताने लिहायची ती मागे, असा क्रम लागत गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी कचेऱ्यांतून आणि शाळांतून जवळजवळ हद्दपार झाली.

(११)
हा बदल चुकीचा होता, असे म्हणण्याचे कारण नाही. एकच सुवाच्य लिपी असल्याने शिक्षण सोपे झाले आणि साक्षरतेला मदत झाली. नवी प्रणाली बसवण्यास सबळ कारणे होती.
चूक राहिली ती स्थलांतरात. जुन्या प्रणालीत साठवलेले नव्या प्रणालीत आणण्याची योजनाच झाली नाही. आजोबा मोडी लिहीत होते, वडिलांना ती थोडीफार वाचता येत होती, नातवाला ती ‘कीडमुंगीची रांग’ वाटू लागली. इतक्यात काम झाले. आग नाही, वाळवी नाही, पूर नाही. तरी अवघ्या दोन-तीन पिढ्यांत घरोघरीची दप्तरे बंद पडली.

(१२)
अशा वेळी काय करायचे? सर्व्हरच्या डिस्क परत मिळवणारे तंत्रज्ञ आणि जुने दप्तर हाताळणारे अभ्यासक यांचे नियम आश्चर्य वाटावे इतके सारखे आहेत.
पहिला नियम : थांबा. फॉरमॅटला नकार द्या. डिस्क ‘दुरुस्त’ करणारी साधने घाईने चालवू नका, कारण तीही डिस्कवर लिहितात आणि चुकीच्या गृहीतावर चालली तर उरलेल्या खुणा पुसतात. त्या डिस्कवर काहीही नवे साठवू नका. एसएसडी असेल तर अधिक सावध राहा. फॉरमॅट होताच ती मोकळ्या ठरवलेल्या जागा आतल्या आत रिकाम्या करू लागते, आणि मग परतीचा मार्ग सहसा राहत नाही.

(१३)
दप्तराच्या जगात ‘फॉरमॅट’ला होकार देणे म्हणजे काय? घर पाडताना निघालेले रुमाल रद्दीत घालणे. ‘वाचता तर येत नाही, पण पवित्र आहे’ म्हणून पोथ्यांबरोबर कागदही नदीत सोडणे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते. सुटी पाने ‘व्यवस्थित’ करण्याच्या उत्साहात मूळ क्रम मोडून ती नव्याने बांधणे.
यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. न उमगणारी गोष्ट रिकामी आहे असे मानले जाते, एवढेच. डिस्कवरील डेटा आणि दप्तरातील कागद यांचा खरा शत्रू हा समज आहे.

(१४)
दुसरा नियम : मूळ वस्तूवर प्रयोग करू नका, आधी तिची तंतोतंत प्रत करा आणि प्रतीवर काम करा. तंत्रज्ञ लेखन रोखणारे उपकरण मध्ये लावून डिस्कचा आरंभापासून अंतापर्यंत प्रत्येक खंड उतरवून घेतात. त्यात रिकामे वाटणारे खंडही येतात, कारण नेमके तेथेच हरवलेले असू शकते.
वह्यांच्या बाबतीत ही प्रत म्हणजे छायाचित्रण. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी-संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. आज तर साध्या मोबाइलनेही चांगले छायाचित्र निघते. प्रत्येक पान, कोरी पाने, मुखपृष्ठे आणि समासातील टिपाही घ्यायच्या, हा संकेत दोन्हीकडे समान आहे.

(१५)
परंतु प्रत म्हणजे वाचन नव्हे. हा भेद स्पष्ट करणारी एक परदेशी गोष्ट सांगतो.
इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमच्या आज्ञेने जमिनींची मोठी नोंदवही तयार झाली. ती ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखली जाते. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी नोंद तयार केली आणि ती त्या काळच्या अत्याधुनिक लेझर डिस्कवर साठवली. जेमतेम पंधरा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. अखेर लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली घडवावी लागली, तेव्हा मजकूर दिसला. १०८६ ची वही मात्र अजून वाचता येते, कारण ती लिपी आणि ती लॅटिन जाणणारी माणसे आहेत.

(१६)
तिसरा नियम : क्रम सांभाळा. सर्व्हरमध्ये पुष्कळदा अनेक डिस्क मिळून एकच साठा बनवतात. या ‘रेड’ पद्धतीची शास्त्रीय मांडणी १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी केली. फाइल तुकड्यातुकड्यांनी सर्व डिस्कांवर पसरलेली असते. कोणती डिस्क पहिली, कोणती दुसरी, तुकडा किती मोठा, हे कळल्याशिवाय काहीच जुळत नाही. म्हणून जाणता तंत्रज्ञ डिस्क बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक लिहितो.
दप्तरातही तसेच. कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या शेजारी होता, ही सुद्धा माहितीच असते. तारीख नसलेल्या पत्राचा काळ शेजारच्या पत्रावरून ठरतो. क्रम मोडला की कागद उरतो, पण त्याची साक्ष दुबळी होते.

(१७)
‘रेड’च्या काही प्रकारांत एक सुंदर युक्ती आहे. दोन डिस्कांवर दोन संख्या आहेत, ७ आणि ५, असे समजा. तिसऱ्या डिस्कवर त्यांची बेरीज १२ ठेवली. आता पहिली डिस्क जळाली तरी १२ मधून ५ वजा करून ७ परत मिळतात. प्रत्यक्ष गणित थोडे वेगळे असते, पण तत्त्व हेच.
तीर्थक्षेत्रांच्या वह्यांनी ही युक्ती नकळत साधली आहे. एकाच कुटुंबातील एक भाऊ त्र्यंबकला आला, दुसरा काशीला गेला, पुतण्याने गयेला पिंडदान केले. प्रत्येक ठिकाणी आजोबा-पणजोबांची नावे पुन्हा सांगितली गेली. एका गावची वही नष्ट झाली तरी इतर गावच्या नोंदी एकत्र ठेवून हरवलेली पिढी पुष्कळ अंशी उभी करता येते. त्यासाठी त्या दुसऱ्या वह्या मात्र वाचता आल्या पाहिजेत.

(१८)
हरवलेली वाट पुन्हा शोधून काढण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वी झालेले आहे, आणि तो आपल्या इतिहासलेखनाचा अभिमानास्पद भाग आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून खाजगी दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ पर्यंत गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली.
सरकारी ताब्यातील पेशवे दप्तर अभ्यासकांसाठी दीर्घकाळ बंद होते. ते पुढे गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली तपासले गेले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. मोडीतून बाळबोधीत आणलेले हे लिप्यंतर म्हणजे जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर केलेले खरे स्थलांतर होय.

(१९)
तरीही प्रमाण पाहा. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागद कोट्यवधींच्या संख्येने आहेत. ४५ खंड ही त्यातील ओंजळ. शिवाय निवड कोणाची झाली? लढाया, तह, कारस्थाने, राजघराणी. ती त्या पिढीची स्वाभाविक जिज्ञासा होती. पण कुळवाडी, कारागीर, शिपाई, विधवा यांची नावे ज्या साध्या नोंदींत आहेत, त्या बहुतांशी मागेच राहिल्या.
नामावळीचे मोल येथे कळते. तिच्यात सरदाराची नोंद आणि सामान्य शेतकऱ्याची नोंद शेजारी-शेजारी, एकाच शाईत असते.

(२०)
हीच कथा आपल्या डोळ्यांसमोर एकदा पुन्हा घडली, आणि तीही संगणकावर. युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी टंकलेखन आठवा. त्या काळच्या अनेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले होते. फायलीत साठत होती रोमन अक्षरे; फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवत होता. प्रत्येक फॉन्टाची जुळणीही वेगळी.
नवी प्रणाली बसवली आणि तो फॉन्ट राहून गेला की दिवाळी अंक, प्रबंध, ताळेबंद सगळे रोमन चिन्हांचा कचरा होऊन समोर येई. कित्येकांनी अशा फायली ‘बिघडल्या’ म्हणून पुसल्या. वास्तविक तो फॉन्ट परत बसवला किंवा जुळणीचा तक्ता वापरून युनिकोडमध्ये रूपांतर केले की मजकूर जसाच्या तसा परत येतो. मोडीच्या बाबतीत तीन पिढ्यांत जे घडले, ते येथे एका दशकात घडले.

(२१)
एक प्रसंग असा आहे की तेथे कोणताही तंत्रज्ञ हात टेकतो. डिस्क कूटबद्ध केलेली असेल आणि तिची किल्ली हरवली असेल, तर प्रत काढता येते, क्रम लावता येतो, पण अर्थ कधीच निघत नाही. प्रणाली नव्याने बसवण्यापूर्वी किल्ली वेगळ्या जागी जपून ठेवा, असे म्हणूनच बजावले जाते.
नामावळीची किल्ली कोठे आहे? मोडी शिकता येते. तिचे वर्ग आहेत, पुस्तके आहेत. जंत्री मिळते. पण अमुक गावचे अमुक आडनाव कोणत्या घराण्याकडे, वाटणीनंतर ती वही कोणाकडे गेली, गावाचे नाव बदलले तेव्हा नोंद कोणत्या नावाखाली सरकली, एका पूर्वजाचे हस्ताक्षर कसे ओळखायचे, हे एखाद्या वृद्ध गुरुजींच्या स्मरणात असते. त्याची प्रत कोणत्याही कॅमेऱ्याने निघत नाही.

(२२)
म्हणून त्र्यंबकेश्वरचे स्थान वेगळे ठरते. बहुतेक घरांतील मोडी दप्तरे ‘वाचक गेला, कागद राहिला’ अशा अवस्थेत आहेत. त्र्यंबकेश्वरात अजून अशी घरे आहेत जेथे वही आणि ती वाचणारा माणूस एकाच ओसरीवर बसलेले आढळतात. संगणकाच्या परिभाषेत, जुने यंत्र अजून चालू आहे. डेटा हलवायचा तो यंत्र बंद पडण्यापूर्वी; नंतर होते ती पुनर्प्राप्ती, आणि ती नेहमीच अधिक कष्टाची व अपुरी असते.
२०२७ मध्ये येथे सिंहस्थाची पर्वस्नाने आहेत. रस्ते, घाट, निवारे यांवर भर असणारच. त्या गर्दीत लाखो कुटुंबे पुन्हा आपली नावे सांगतील. जुनी पाने वाचू शकणारे हात तेव्हा किती असतील आणि त्यांच्या पुढच्या सिंहस्थात किती, हा प्रश्न घाटाइतकाच महत्त्वाचा आहे.

(२३)
याची निकड केवळ हौशी अभ्यासकांना आहे असे समजू नका. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी जुन्या कागदपत्रांचा शोध सुरू झाला. त्यांत मोडी कागद मोठ्या प्रमाणावर होते, आणि मोडी जाणणाऱ्या माणसांची वानवा सर्वांना एकाएकी जाणवली. आरक्षणाच्या वादात आपली भूमिका काहीही असो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर आजच्या विद्यार्थ्याचा दाखला अवलंबून राहू शकतो, हे तेव्हा घराघरांत कळले.
ज्या लिपीला ‘आता तिचा उपयोग काय?’ असे विचारले जात होते, तिच्या वाचकासमोर रांगा लागल्या. किल्लीचे मोल कुलूप समोर आल्यावरच कळते.

(२४)
तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्व्हरच्या डिस्कचा मालक एक असतो. नामावळीवर हक्क अनेकांचा आहे. वही पुरोहित घराण्याची, तिच्यातील नावे यजमान कुटुंबांची, आणि तिच्यातून दिसणारा इतिहास समाजाचा. त्यात जात आहे, नाती आहेत, वारस आहेत. सगळेच चारचौघांत मांडण्याजोगे नसते. म्हणून ‘सगळे स्कॅन करून इंटरनेटवर टाका’ हा उपाय वाटतो तितका निर्मळ नाही. वहीधारकांची संमती, कुटुंबाच्या माहितीची मर्यादा आणि पुरोहितांच्या उपजीविकेचा मान राखूनच हे काम पुढे जायला हवे.
दुसरे असे की डिस्कला पुन्हा वाट दाखवली की ती एका क्षणात सगळे सांगते. वही मात्र ओळीओळीने, माणसाने माणसाला शिकवूनच बोलती होते.

(२५)
मग आपण, विशीतील वाचकांनी, काय करावे?
• मोडी शिका. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्था वर्ग घेतात. मुळाक्षरांशी ओळख व्हायला काही आठवडे पुरतात. हस्ताक्षरांचा सराव मात्र वर्षे मागतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले असल्याने आता ती संगणकावरही लिहिता येते.
• घरच्या वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, जुने आडनाव, कुलदैवत विचारून लिहून ठेवा. नामावळीची अनुक्रमणिका याच शब्दांवर चालते.
• त्र्यंबकेश्वरी गेलात तर गुरुजींना आदराने विचारा, ‘आमच्या गावची नामावळी आपल्याकडे आहे का?’ पान पाहायला मिळाले तर छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्या आणि त्यांनी वाचून दाखवलेले शब्द लिहून घ्या. छायाचित्राइतकेच ते वाचनही जपायचे आहे.
• घरात मोडी कागद असतील तर चिकटवू नका, क्रम बदलू नका, रद्दीत देऊ नका.

(२६)
आणि ज्यांच्या हाती सर्व्हर आहे त्यांनीही या वह्यांकडून एवढे घ्यावे. नवी प्रणाली बसवण्यापूर्वी डिस्कांचा क्रम, विभागांचा तक्ता, कूटबद्धतेची किल्ली हे सगळे यंत्राबाहेर, शक्य तर कागदावर लिहून ठेवावे. प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात, जशी एकाच घराण्याची नोंद त्र्यंबकला, काशीला आणि गयेला असते. डिस्क रिकामी दिसली तर प्रथम हात मागे घ्यावा.
लिहिलेले सहसा इतक्या सहज नाहीसे होत नाही. ते वाट पाहत पडून राहते. त्याच्यावर घाईने दुसरे काही लिहायचे की त्याची लिपी शिकायची, हे मात्र आपल्या हाती असते.

धागा समाप्त. आपल्या घरी मोडी कागद किंवा नामावळीच्या नकला असतील तर त्यांचा काळ आणि गाव प्रतिसादात जरूर सांगा. व्यक्तींची नावे उघड करण्याची आवश्यकता नाही. पुढील धागा : सुहूर सन घरच्या घरी कसा उलगडावा.